न घातलेलं मीठ

माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन टोमॅटोच्या सूपमुळे पुढे ढकललं गेलं.

हे वाक्य मी डोळ्यांच्या डॉक्टरांसमोर उच्चारलं, तेव्हा आता आईला सोडून यालाच तपासावं की काय, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं. पण ते खरं आहे. (सूप म्हटल्यावर धान्य पाखडण्यावरून जो विनोद तुम्हाला सुचला, तो आमच्या घरात सगळ्यांचा करून झालेला आहे. माझ्या ऑफिसातही. तेव्हा तो सोडून पुढे जाऊ.)

आधी आईची ओळख. मालवणच्या बाजारात माझ्या आईला शिळे मासे विकू शकेल अशी बाई अजून जन्माला यायची आहे, असं आई स्वतः सांगते आणि मासे विकणाऱ्या बायकाही ते नाकारत नाहीत. बांगड्याचा कल्ला अंगठ्याने उचलायचा, आतला रंग एकदाच बघायचा (तांबडा म्हणजे ताजा), आणि तो बर्फात किती झोपलाय ते विकणारीच्या तोंडावर सांगायचं, ही तिची पद्धत. बाजारात तिच्या मागे दोन-तीन बायका उगाच रेंगाळत असत. आई ज्या टोपलीपाशी बसली, तीच टोपली त्या घ्यायच्या.

तर अशी ही आई मे महिन्याच्या शेवटी, पावसाळी मासेमारी बंद व्हायच्या जरा आधी, बाजारातून बांगडे घेऊन आली. सुलभाने, म्हणजे माझ्या बायकोने, पिशवी उघडली आणि माझ्याकडे बघितलं. मी पिशवीत डोकावलो. डोकावायची तशी गरज नव्हती, वास ओटीवर आलाच होता. आम्ही एकमेकांना खुणा केल्या आणि ते बांगडे मागच्या दारी मांजरापुढे ठेवले. मांजराने हुंगले आणि तेही काही न बोलता निघून गेलं.

"मासे खंय गेले?" आईने विचारलं.

"मांजरान पळवल्यान," मी म्हणालो.

"सगळे?"

"मोठां मांजर होतां."

जेवून झाल्यावर आई मला जवळ बसवून म्हणाली, "बाबू, कल्लो माका तांबडो दिसलो नाय रे. पण तांबडो असतलो म्हणान घेतलंय." आणि थोड्या वेळाने, "इतकी वर्सां लोक माका इचारून मासे घेतत. आता मी दुसऱ्याक इचारूचां काय, बरो आसा काय म्हणान?"

मला फार वाईट वाटलं. दुसऱ्याच दिवशी मी तिला कुडाळला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर घाटावरचे, शांत स्वभावाचे. "आजी, मोतीबिंदू पिकलाय. ऑपरेशन सोपं आहे," ते म्हणाले. "पण तुमचं बीपी फार वर आहे. या बीपीवर मी डोळ्याला हात लावणार नाही. गोळी बदलून देतो. जेवणातलं मीठ कमी करा आणि महिन्याने या. हलकं काहीतरी घ्या, सूप वगैरे."

"डोळ्याक आनि मिठाक काय संबंध?" आई मला म्हणाली.

मी भाषांतर केलं. डॉक्टर म्हणाले, "डोळ्याला नाही, बीपीला आहे."

"मगे बीपीचां ऑपरेशन करूक सांग तेंका."

शेवटी ती कबूल झाली, पण एका अटीवर. नारळी पुनवेच्या आधी डोळा झाला पाहिजे. पुनवेनंतर होड्या समुद्रात जाणार, नवे बांगडे येणार, आणि ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्यायचे होते. डॉक्टर म्हणाले, बीपी उतरलं तर नक्की. म्हणजे आता सगळं मिठावर आलं.

इथे आमच्या घरातली मिठाची परिस्थिती सांगायला हवी. सुलभाचं माहेर शिरोड्याचं, आणि तिच्या भावाचं तिथे मिठागर आहे. दर उन्हाळ्यात तो आमच्याकडे मिठाची एक गोण पाठवतो. लग्नात मी हुंडा घेतला नाही (कोणी देऊही केला नव्हता), पण मीठ मात्र अजून येतंय. घरात जे फुकट येतं ते सढळ हाताने वापरायचं, हे माझं धोरण आहे. बाकी सगळ्या बाबतीत मी हात आखडता ठेवतो, असं सुलभा म्हणते. मी एका पतपेढीत हिशेब सांभाळतो, तेव्हा मी त्याला शिस्त म्हणतो.

दवाखान्यातून आल्याबरोबर मी ओटीवर उभा राहून हुकूम काढला. "आजपासून ह्या घरात कोणी, कशात, चिमटीभर सुद्धा मीठ घालूचां नाय."

"घालूचां नाय," सुलभा म्हणाली.

"घालूचां नाय," आई म्हणाली.

मी मिठाची बरणी कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधली. हा शब्द, 'घालूचां', लक्षात ठेवा. मी त्या वेळी ठेवला नाही.

आता सूप. ते घरीही करता आलं असतं. पण ज्या वस्तूवर आकडा छापलेला नाही तिच्यावर माझा विश्वास नाही. आमटीवर लेबल नसतं. तिच्यात मीठ किती, हे करणारीला ठाऊक, तेही अंदाजाने. कामासाठी कणकवलीला गेलो असता तिथल्या नव्या मोठ्या दुकानात मला डबाबंद सूप दिसलं आणि त्यावर, चष्मा वर-खाली केल्यावर, सोडियमचा आकडा दिसला. मला इतका आनंद झाला की मी तिथेच बैठक मारली.

आणि मग माझं कुतूहल चाळवलं. एका डब्यावर सोडियम फारच कमी होतं. का बरं? खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, हा आकडा एका वाढणीचा. वाढणी म्हणजे किती? पाव डबा. पाव डबा सूप पिऊन कोण उठतं? आमचं मांजरसुद्धा उठणार नाही. मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि डबा परत ठेवला. दुसऱ्या डब्यावर वाढणी अर्ध्या डब्याची, तिसऱ्यावर आकडा शंभर मिलीलिटरचा. सगळ्यांना एका मापात आणेपर्यंत माझ्याभोवती डब्यांचं कोंडाळं झालं.

काउंटरवरची बाई उठून आली. "काका, तुमी घेवक इलास काय वाचूक?"

"वाचून घेवक," मी म्हणालो.

अखेर 'कमी सोडियम' असं ठसठशीत लिहिलेला डबा सापडला. आणि त्याची किंमत बघून मी उभाच राहिलो. मीठ घातलेलं सूप स्वस्त, आणि मीठ न घातलेलं महाग! म्हणजे घरात घातलेलं मीठ फुकट येत होतं आणि दुकानात न घातलेल्या मिठाचे जास्तीचे पैसे पडत होते. हा हिशेब मला पतपेढीत कोणी दाखवला असता तर मी सही केली नसती.

"ह्येच्यार सवलत आसा," बाई म्हणाली. "आख्खो खोको घेतलास तर अर्ध्या किमतीत."

"इतकी सवलत कित्याक?"

"कोण घेणा नाय म्हणान. मुदत पण गणपतीपर्यंतच आसा."

खरं तर या उत्तरानंतर शहाण्या माणसाने निघायला हवं होतं. पण अर्धी किंमत ऐकली की माझ्या डोक्यातला शहाणा माणूस बाहेर जाऊन उभा राहतो. मी खोका उचलला.

पहिल्या दिवशी सुलभाने सूप गरम करून वाडग्यात ओतलं. आईने वाडगा डोळ्यांजवळ नेला.

"रंग बरो आसा." मग एक चमचा घेतला. मग चमच्याने तळ ढवळून पाहिला. "बाबू, ह्येच्यात टोमॅटो आसा?"

"आसा मगे."

"खंय लपलो तो?"

"आये, असां करू नको. ही पेज समज आनि पी."

"पेज?" आईचा चेहरा एकदम उजळला. "असां आदी सांगूक नको?"

हे वाक्य बोलून मी घरात काय आणून ठेवलं, ते मला तेव्हा समजलं नाही. मला वाटलं, युक्ती लागू पडली. आणि ती पडलीच! दुसऱ्या दिवसापासून आई दुपारी मुकाट्याने सूप पिऊ लागली. मुकाट्याने कसलं, आवडीने. मी ऑफिसातून आल्यावर विचारायचो, "प्यालंस?" आणि ती म्हणायची, "वाटी चाटून." एका वेळी तिला अर्धा डबा लागे. उरलेला अर्धा टाकून देणं माझ्या स्वभावात नाही, शिवाय मुदत गणपतीपर्यंतच. तो मी संध्याकाळी संपवत असे. नुसता जायचा नाही म्हणून सोबत पापड, लोणचं असं किरकोळ काहीतरी.

ऑफिसात मी आहारतज्ज्ञ झालो. पतपेढीत ठेव ठेवायला आलेल्या माणसालाही मी सोडियम आणि मीठ यांतला फरक सांगून सोडत असे. आमचे मॅनेजर मला बघितलं की फोनवर बोलू लागत.

महिना झाला. आम्ही कुडाळला गेलो. डॉक्टरांनी आईच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला. पुन्हा फुगवला. मग दुसऱ्या दंडाला बांधला.

"मीठ कमी केलंत का?"

"कमी?" मी म्हणालो. "बंद. मिठाची किल्ली बघा," आणि शर्टाचं बटण काढू लागलो.

"नको, नको. पण बीपी वाढलंय. मागच्यापेक्षा वर आहे. काय देताय जेवायला?"

"टोमॅटोचं सूप. कमी सोडियमचं."

ऑपरेशन पुढे गेलं, आणि हे त्या सूपमुळेच असं वाटून मी ते सुरुवातीचं वाक्य तेव्हाच बोललो. डॉक्टरांनी पुढची तारीख पुनवेच्या अगदी तोंडावरची दिली आणि सांगितलं, तोवर उतरलं नाही तर पुढे बघू. परतताना एसटीत आई खिडकीशी बसली होती. बाहेरचं तिला काही दिसत नव्हतं, तरी बाहेरच बघत होती. "नाय झालो डोळो तर नाय," ती म्हणाली. "आता बाजारात सुलभा जायत. शिकात ती." चाळीस-पन्नास वर्षांची मिरासदारी ती एसटीच्या बाकावर सोडून देत होती, आणि का, तर मला कुठलंसं मीठ सापडत नव्हतं म्हणून.

मी तपासाला लागलो. मीठ येतंय कुठून, याने मला झपाटलं. पहिला संशय अर्थातच डब्यावर. डब्यावरच्या नंबरला फोन लावला. एका गोड आवाजाच्या मुलीने डब्याच्या तळाचा नंबर विचारला, तो मी वाचून दाखवला. मग तिने विचारलं, "सर, सूप तुम्हाला कसं वाटलं?" खरं सांगितलं असतं तर विषय लांबला असता, म्हणून मी फोन ठेवला.

दुसरा संशय सुलभावर. शिरोड्याचं रक्त, मिठाशिवाय किती दिवस राहणार? मी कपाट उघडून बरणी पाहिली. होती तशी होती. ती आंघोळीला गेल्यावर मी तिची आमटी चाखली. अळणी! भात, अळणी. चहा चाखला (संशय माणसाला कुठल्याही थराला नेतो), चहासुद्धा ठीक होता.

"सुलभा, खरां सांग. मीठ घातलंस?"

तिने गळ्याला हात लावला. "बाबांची शपथ. चिमटी घालूक नाय."

शेवटी एके दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि ऐन जेवणाच्या वेळी मागच्या दाराने घरात शिरलो. आई स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. पुढे सूपाचा वाडगा. इथपर्यंत ठीक. पण ताटात, वाडग्याच्या भोवती, चुलीत भाजलेला खारा बांगडा होता. खारातली कैरी होती. तळलेली सांडगी मिरची होती. सुक्या गोलम्याची, म्हणजे जवळ्याची, खोबरं घालून केलेली किसमूर होती. आणि माझ्या डोळ्यांदेखत आईने आगळाची बाटली उचलली, म्हणजे आमचा तो मिठात मुरवलेला रातांब्यांचा रस, आणि सूपात भळाभळा ओतली.

"आये! ह्यां काय?"

"तोंडाक लावूक," आई शांतपणे म्हणाली. "तूच म्हटलंस पेज म्हणान. नुसती पेज कोण पिता?"

यात चूक काढायला जागा नव्हती. पेजेला तोंडी लावणं लागतंच. मलाही लागतं.

"पण मीठ! मी मीठ बंद केलंय ना?"

"मीठ खंय आसा?" आईने ताटावर हात फिरवला. "दाखय माका. ह्यो बांगडो, ही कैरी, ह्यां आगळ."

"आगळात मीठ नाय?"

"तां मे म्हयन्यात घातलां. आता खंय घातलंय?"

मी सुलभाकडे बघितलं. तिला आईचं म्हणणं पूर्ण पटलेलं दिसत होतं. "तुमी सांगलास, आजपासून मीठ घालूचां नाय," ती म्हणाली. "आमी एक चिमटी घातली नाय. ह्यां सगळां आदीचां."

मी पाटावर बसलो. आमच्या कोकणी घराची सगळी व्यवस्था त्या ताटात माझ्यासमोर मांडून ठेवली होती. वर्षभराचं मीठ आम्ही उन्हाळ्यातच घालून मोकळे होतो. मासे, कैऱ्या, मिरच्या, रातांबे, सगळ्यांना. मग पावसाळाभर कोणी मिठाच्या बरणीला हात लावत नाही आणि सगळे शपथेवर सांगतात, मीठ घातलं नाही. मी कुलूप लावलं होतं ते रिकामटेकड्या बरणीला.

"इतकां खारट आगळ केल्यान कोणी?" मी चिडून विचारलं. सूपाचा एक घोट मी घेतला होता आणि माझे डोळे मिटले होते.

आई आणि सुलभा एकमेकींकडे बघू लागल्या.

"तुमीच," सुलभा म्हणाली.

ते खरंच होतं. आगळाचं मीठ दर वर्षी मीच घालतो. त्यात कोणाला हात लावू देत नाही. ओंजळीने घालतो, कारण एक म्हणजे त्याने आगळ टिकतं, आणि दुसरं म्हणजे ते मेव्हण्याचं असतं.

त्या दिवशी तह झाला. आई म्हणाली, "तोंडाक लावूक मी घेवचंय नाय. पण माझ्या समोर तू पापड मोडलंस तर मी पण मोडतलंय." मी मान्य केलं. तिच्या समोर, हे शब्द मी नीट ऐकून घेतले होते. सूपाचं काय करायचं, तेही तिनेच ठरवलं. त्यात ओल्या खोबऱ्याचा रस, दोन तिरफळं, ठेचलेली मिरी आणि लिंबू पिळून तिने ते सूप असं केलं की कंपनीने ओळखलं नसतं. मीठ नव्हतं, पण आठवणही होत नव्हती. बीपी उतरलं. पुनवेच्या तीन-चार दिवस आधी डॉक्टरांनी डोळा करून टाकला.

डोळ्याला पाणी लावायचं नाही, धुराजवळ जायचं नाही, गर्दीत जायचं नाही, हे सगळं आईने ऐकून घेतलं. पुनवेनंतर पहिल्या होड्या आल्या, तेव्हा ती काळा चष्मा लावून बाजारात हजर होती. मी पिशवी घेऊन मागे. तिने एका टोपलीपाशी बसून कल्ला उचलला. चष्मा कपाळावर सारला. बघत राहिली. एरवी एका नजरेत उठणारी आई त्या दिवशी कितीतरी वेळ नुसता तो लाल कल्ला बघत होती.

"तांबडो," ती म्हणाली. विकणारी बाई हसली. मागे दोन बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या.

मला इतकं बरं वाटलं की मी भावसुद्धा केला नाही. त्या आनंदात घरी आलो. बांगडे तळायला पडले, आणि आई अंगणात नातेवाइकांशी फोनवर डोळ्याचं वर्णन करत बसली आहे असं बघून मी हळूच फळीवरच्या लोणच्याच्या बरणीत बोट घातलं.

"बाबू."

मी वळलो. ती दारात उभी होती. चष्मा कपाळावर.

"हंय ये. उजेडात ये." तिने माझी हनुवटी धरली आणि बांगड्याचा कल्ला बघावा तसा माझा चेहरा इकडून तिकडून बघितला. "तुजे डोळे सुजलेत. तोंड पण सुजलां. किती दिवस झाले ह्येका?"

"नाय गे, झोप..."

"माका आता दिसता," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डोळ्याच्या तपासणीला गेलो तेव्हा तिने डॉक्टरांना आधी माझ्याच दंडाला पट्टा बांधायला लावला. डॉक्टरांनी तो फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला, मग दुसऱ्या दंडाला बांधला. संध्याकाळचे ते अर्धे डबे, आणि त्यांच्यासोबतचं ते किरकोळ काहीतरी, सगळं एका आकड्यात उभं राहिलं. आईचं पहिल्या वेळी होतं त्याच्याही वर.

"मीठ कमी करा," डॉक्टर म्हणाले. "हलकं काहीतरी घ्या. सूप वगैरे."

आता लोणच्याची बरणी, पापडाचा डबा आणि आगळाच्या बाटल्या त्याच कपाटात आहेत. किल्ली आईच्या कमरेला आहे. गणपतीची मुदत संपायच्या आत खोका संपवायची जबाबदारी माझ्यावर आली आहे, आणि मी रोज दुपारी पाटावर बसून नुसतं, बिनतोंडीलावण्याचं सूप पितो. समोर आई बसते. तिचा डोळा चांगला व्हावा म्हणून मी जिवाचं रान केलं होतं, आणि तो फार चांगला झाला आहे.